नऊ मुलं भट्टीवर गेली, तेव्हा प्रबंधाचं काय झालं

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेने २०१९ च्या जुलैमध्ये मुक्त विद्यापीठात एम.ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं. भर बालशिक्षणावर. त्या वेळी मी त्यांच्या अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्कसत्रं घेत असे. पुढे त्यांच्या लघुशोधप्रबंधाची मार्गदर्शकही मीच झाले. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव आणि पाडा त्यांनी नको म्हटलं, म्हणून इथे त्या फक्त ‘ताई’.

ताईंचे सगळे पेपर जून २०२१ पर्यंत सुटले होते. पदवी मात्र त्यानंतर चौदा महिने जागची हलली नाही. मला प्रामुख्याने त्या चौदा महिन्यांबद्दल आणि त्यातून त्या बाहेर कशा पडल्या त्याबद्दल सांगायचं आहे. नोकरी करत शिकणाऱ्या बायका पेपर काढतात हो, कसेही करून काढतात. त्या अडतात प्रबंधाशी. मी अशा कितीतरी जणी पाहिल्यात, ज्यांची गुणपत्रिका एका रिकाम्या रकान्यावर कायमची थांबली.

ताई तेव्हा ३६ वर्षांच्या. बी.ए.ही त्यांनी नोकरी सांभाळूनच केलेलं. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर, मुलगी नववीत, मुलगा सहावीत. अंगणवाडीचं काम मानधनावरचं, कागदोपत्री काही तासांचं. दिवस प्रत्यक्षात असा: पहाटे पाचला पाणी, साडेनऊच्या आत अंगणवाडी, मुलांचं खाणं, अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांचं जेवण, वजन-उंची, मोबाइलमधल्या पोषणाच्या नोंदी, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावून आणणं, आणि मधूनच कुठला तरी सर्वे. या सगळ्यातून उरलेल्या वेळात मुलांना शिकवायचं.

एम.ए.च का, असं पहिल्याच रविवारी मी वर्गात सगळ्यांना विचारलं होतं. बढती, मान, मुलांपुढे आदर्श अशी उत्तरं आली. ताईंचं उत्तर वेगळं होतं. पाड्यावरच्या एका बापाने आपला चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीतून काढून गावातल्या इंग्रजी केजीत घातला. ‘तुमच्याकडे नुसतं खेळतात, तिकडे एबीसी लिहितात,’ असं तो म्हणाला. ताईंना खेळाची बाजू घ्यायची होती. प्रशिक्षणात ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द त्यांनी शंभरदा ऐकले होते. पण का, हे त्यांना सांगता येईना. ‘मला त्या बापाला उत्तर द्यायचंय,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आता वेळेचा हिशेब मांडते, कारण नाव घालताना तो कुणी मांडून देत नाही. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ताईंचा अभ्यासक्रम ६४ श्रेयांकांचा, म्हणजे १,९२० तास. दोन वर्षांत पुरा करायचा तर आठवड्याला साडेअठरा तास लागतात. विद्यापीठाची कमाल मुदत चार वर्षांची. ती पूर्ण वापरली तरी आठवड्याला सव्वानऊ तास. आम्ही दोघींनी ताईंच्या आठवड्यातून एकेक तास वेचून काढला. रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास, रविवारी डहाणू रोड लोकलमधला जाता-येताचा वेळ, नवऱ्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात थोडा जास्त. कसंही केलं तरी बेरीज साडेसहाच्या वर जाईना. चार वर्षांचे मिळून सुमारे साडेतेराशे तास. साडेपाचशेहून अधिक तास कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच ठेवून आम्ही सुरुवात केली. तेव्हा मी ‘पहाटे उठा’ असं सांगितलं होतं. जी बाई पाचला उठते तिला मी पहाटे उठायला सांगत होते, हे आज आठवलं की वाईट वाटतं.

पहिलं वर्ष पुस्तकाच्या भाषेशी झगडण्यात गेलं. अभ्यासपुस्तिका मराठीतच होत्या, पण ‘बोधात्मक विकास’, ‘समीपस्थ विकास क्षेत्र’ हे मराठी ताईंच्या कानाला परकंच होतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या त्या ‘समीपस्थ’ शब्दावर त्या दोन रविवार अडून होत्या. व्याख्या पाठ होती, डोक्यात काही उतरत नव्हतं. शेवटी मी पुस्तिका मिटायला लावली आणि विचारलं, तुमच्याकडे असं कोणतं मूल आहे, ज्याला एखादी गोष्ट एकट्याला जमत नाही पण कुणी जरा हात लावला की जमते? त्या लगेच म्हणाल्या, नळ. एका मुलीला अंगणवाडीबाहेरचा नळ उघडता येत नाही, पण मोठी बहीण नुसती तोटीवर बोट टेकवते आणि ही फिरवते. आठवड्याभरात बहिणीचं बोटही लागेनासं झालं. ‘मग ते बोट म्हणजेच तो शब्द,’ मी म्हटलं. त्यानंतर ताई प्रत्येक संकल्पनेला पाड्यावरचं एक मूल जोडू लागल्या. त्यांचे स्वाध्याय मी आजही नव्या विद्यार्थिनींना दाखवते.

मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या मुलांसाठी बंद झाल्या. सेविकांचं काम मात्र वाढलं. परीक्षा पुढे गेल्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताई ताप आणि ऑक्सिजन मोजत घरोघर फिरत होत्या, आणि त्याच दिवसांत त्यांनी दोन पेपर दिले. कसे दिले ते त्यांनाही नीट आठवत नाही. उरलेले पुढच्या सत्रात निघाले.

आणि मग प्रबंध आला.

विषय ठरवताना ताईंनी आणलेला कागद मला अजून आठवतो: ‘तालुक्यातील अंगणवाड्यांमधील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा शालेय पूर्वतयारीवर होणारा परिणाम’. साठ अंगणवाड्या, साठ सेविकांना प्रश्नावली, टक्केवारी, आलेख. मी होकार दिला. चूक माझी होती आणि ती साधी चूक नव्हती. प्रबंध म्हणजे असाच काहीतरी मोठा, तालुकाभर पसरलेला असतो, अशी समजूत आम्ही शिकवणाऱ्यांनीच करून ठेवलेली. संशोधन आराखडा मंजूर होऊन यायला विद्यापीठाने काही महिने घेतले. तोवर ताईंनी मासिक बैठकीत प्रश्नावल्या वाटल्या. साठांतल्या सतरा परत आल्या. सतराही जणींनी सगळ्या प्रश्नांना ‘होय’वर खूण केली होती, काहींची तर उत्तरं शब्दाला शब्द सारखी, बैठकीत शेजारी बसून भरलेली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कागदावर सही करून वर पाठवायचं असतं त्याला ‘नाही’ लिहायचं नसतं, हे त्यांना नोकरीने शिकवलेलं. शिवाय अंगणवाडीत मुलंच बसत नसताना पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल त्या काय सांगणार होत्या?

ताईंनी सतरा कागद एका पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली. फोन घ्यायच्या पण विषय टाळायच्या. ‘पुढच्या महिन्यात करते बाई.’ पुढचे महिने असेच गेले. मधे एकदा त्या म्हणाल्या, ‘दिवसभर पोरांत असते आणि रात्री पोरांवरचं खोटं लिहायला बसते, हात चालत नाही.’ या वाक्याने मी जागी झाले.

जून २०२२ पासून त्यांच्या अंगणवाडीत मुलं पुन्हा रोज पूर्ण वेळ बसू लागली. ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, विषय मोडा. तालुका सोडा. तुमच्या हजेरीपटावर किती मुलं? बावीस. त्या बावीस मुलांपलीकडे जायचं नाही. विषयही आत्ता ठरवायचा नाही. मुलं घरी गेली की झाडलोट होईस्तोवर बसून वहीत दहा ओळी लिहायच्या: आज कोण काय बोललं, काय केलं. मत लिहायचं नाही, ‘छान’ लिहायचं नाही. आणि आठवड्यातून दोनदा गोष्टीच्या वेळी फोन रेकॉर्डिंगला लावायचा. पालकांना अंगणवाडीत बोलावून हे कशासाठी ते सांगितलं, त्यांच्या सह्या-अंगठे घेतले. मुलांची नावं बदलायची असं ठरलं.

आमच्या हिशेबात कमी पडणारे तास इथे सापडले. अंगणवाडीतले रोजचे तास अभ्यासाचेही झाले. वेगळा वेळ काढावा लागला तो फक्त रेकॉर्डिंग ऐकण्याला, आणि ते त्या भाकऱ्या करताना ऐकायच्या.

तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाला त्यांचा फोन आला. त्या दिवशी खेकड्याची चित्रगोष्ट होती. रेकॉर्डिंगमध्ये ताई विचारतायत: हा कोण? पाय किती? रंग कोणता? मुलं एकेका शब्दात उत्तरं देतायत. मग कुणी गरोदर बाई वजनाला आली म्हणून ताई बाहेर गेल्या, फोन सुरूच राहिला. मदतनीस मावशी मुलांपाशी बसल्या आणि वारली बोलीत त्यांनी सहज विचारलं, की तुम्ही खेकडे कुठे धरता? पुढची अकरा मिनिटं मुलं थांबलीच नाहीत. एक चार वर्षांचा मुलगा सांगत होता: बिळाच्या एका तोंडाशी हात ठेवायचा, दुसऱ्या तोंडाने काटकी घालायची, मोठी नांगी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं, नाहीतर सोडत नाही. आई निखाऱ्यावर भाजते तेव्हा तो कसा वाजतो, तो आवाजही त्याने करून दाखवला.

‘बाई, हा पोरगा जूनपासून माझ्याशी बोललाच नाही,’ ताई म्हणाल्या. ‘मुका आहे का म्हणून मी त्याच्या आईला दवाखान्यात न्यायला सांगणार होते.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आणि माझीच भाषा आहे ती. घरी मी तीच बोलते.’

कुणीतरी कधीतरी प्रशिक्षणात ‘मुलांशी शुद्ध बोला’ सांगितलं होतं, आणि ताईंनी आपली भाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली होती. मावशींना कुणी असं काही सांगितलं नव्हतं, म्हणून मुलांचं बोलणं त्यांच्यापाशी टिकलं.

विषय मिळाला. गोष्ट झाल्यावर पहिली दहा मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. मुलांच्या भाषेत आपणच काहीतरी सांगायचं आणि थांबायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर आहे तसं रेकॉर्डिंग, नोव्हेंबर ते फेब्रुवारी नव्या पद्धतीने, आणि मुलांच्या बोलण्यात काय फरक पडतो ते पाहायचं. नेमक्या त्याच ऑक्टोबरात, २० ऑक्टोबर २०२२ ला, पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा जाहीर झाला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांशी शक्यतो घरच्या भाषेत बोलावं-शिकवावं असं त्यात स्पष्ट आहे. ताईंनी त्यातला उतारा वहीत उतरून घेतला आणि खाली मावशींचं नाव लिहिलं.

२४ ऑक्टोबरला दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बावीसपैकी नऊ मुलं पाड्यावरून गेली.

हे आम्हा दोघींनाही ठाऊक असायला हवं होतं. भात कापून झालं की पाड्यावरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायको दोघंही कामाला लागतात, आणि मुलं मागे ठेवायला कुणी नसतं. ती परततात पावसाच्या तोंडावर. ताई दरवर्षी हे बघत आल्या होत्या, पण आराखडा लिहिताना आम्ही कॅलेंडर विद्यापीठाचं धरलं, पाड्याचं नाही.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा सल्ला सरळ होता: नऊ वगळा, तेरांवर प्रबंध करा, एम.ए.ला पुरतं. तांत्रिकदृष्ट्या त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि जूनची मुदत जवळ येत होती. मी ताईंना तसं सुचवलं. त्या म्हणाल्या, ‘ती पोरं हजेरीपटावर आहेत. मी त्यांना वगळू कशी?’ खेकडे धरणारा मुलगा त्या नऊत होता.

इथे मला बोर्डी आठवली. ताईंच्या पाड्यापासून ती काही दूर नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तिथे आल्या, नंतर त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ताईंना परीक्षेपुरतं हे माहीत होतं, दहा गुणांची टीप म्हणून. मी फोनवर इतकंच म्हटलं, ती टीप परत वाचा.

जानेवारीतल्या एका रविवारी ताई नवऱ्याच्या मोटरसायकलवरून वसई तालुक्यातल्या एका भट्टीवर गेल्या. नऊपैकी चार मुलं तिथे होती. प्लास्टिक टाकलेल्या झोपडीसमोर बसून त्यांनी तीच खेकड्याची चित्रं काढली. आजूबाजूला गारा तुडवणं, विटा थापणं चालू होतं. त्या मुलाने चित्राकडे पाहिलं आणि खेकड्याचं नाव न काढता रचलेल्या विटांतून निघालेल्या सापाची गोष्ट सुरू केली. कुणी पाहिला, कुणी ओरडलं, बाबाने काय फेकून मारलं, साप कोणत्या फटीत गेला. जूनमध्ये ज्याला ताई मुका समजल्या होत्या त्याने भट्टीवर पहिल्यांदा त्यांच्याशी, त्यांच्याच तोंडाकडे पाहून, लांबलचक गोष्ट सांगितली. ताईंनी त्या दिवशी वारलीशिवाय दुसरी भाषा वापरली नव्हती.

प्रबंधाची रचना त्यावरून ठरली. तेरा मुलांबद्दलची प्रकरणं वेगळी आणि नऊ मुलांचं प्रकरण वेगळं. दोन्हींची तुलना करायची नाही, नऊंच्या अपुऱ्या नोंदी अपुऱ्याच म्हणून छापायच्या. तेरांच्या बाबतीत जे दिसलं तेही ताईंनी फुगवलं नाही: सात-आठ मुलं स्पष्टपणे जास्त आणि सलग बोलू लागली, तिघांत फारसा फरक दिसला नाही, बाकीच्यांबद्दल नक्की सांगता येत नाही. ‘नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य काढून टाकावं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा ठेवायला सांगितलं.

लिखाणाचं वेगळं दुखणं होतं. हाताने लिहिलेल्या तीन वह्या टाइप कोण करणार? शेवटी ताई वही समोर धरून फोनमध्ये बोलायच्या, फोन ते मराठीत उमटवायचा, आणि मुलगी रविवारी बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. वारलीतली वाक्यं फोनला कळत नव्हती. ती मुलीने एकेक अक्षर टाइप केली. मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात, मुदतीला जेमतेम महिना असताना, ९४ पानं विद्यापीठात जमा झाली.

ऑगस्टमधल्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ‘तुमच्या नमुन्यातली जवळपास निम्मी मुलं मध्येच गेली. मग या अभ्यासाला अर्थ काय?’ ताई म्हणाल्या, ‘सर, दरवर्षी जातात. ज्या अभ्यासात ती जात नाहीत, तो आमच्या पाड्याचा नाही.’ मी तेव्हा बाहेर बाकावर बसले होते. आतलं हे बोलणं मला ताईंनी नंतर सांगितलं. पुढचे प्रश्न संदर्भसूचीबद्दल होते. त्या उत्तीर्ण झाल्या.

पदवीने काय मिळालं, हे मला नेहमी विचारतात, म्हणून लिहिते. सेविकेचं मानधन २०२३ मध्ये ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, ते सगळ्यांचंच. एम.ए. झाल्याबद्दल त्यात एक रुपयाही जास्त नाही, कारण ते पदावर ठरतं. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी ताई प्रयत्न करतायत, अजून काही झालेलं नाही. एबीसीवाल्या बापाचा दुसरा मुलगाही केजीच्या गाडीने गावात जातो. ताईंनी त्याला घरी जाऊन खेकड्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने सगळं ऐकलं, हसला आणि म्हणाला, हे तर आम्ही घरी शिकवतोच. ताईंना ते उत्तर अजून पटलेलं नाही. त्याला काय सांगायचं यावर आमचं अधूनमधून बोलणं होतं.

२०२३ च्या दिवाळीआधी त्यांनी एक गोष्ट केली. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे चित्रकार्डांची पिशवी दिली आणि सोबत मुलाबद्दलची एक पानी चिठ्ठी, भट्टीजवळ जी कुठली अंगणवाडी असेल तिथल्या सेविकेसाठी. मूल काय खातं, वजन किती, कशाबद्दल बोलतं. खाली स्वतःचा फोन नंबर. दोन आयांनी नोव्हेंबरात ती चिठ्ठी तिकडे नेऊन दाखवली. मग ४ डिसेंबरला सेविकांचा संप सुरू झाला, तो ५२ दिवस चालला, आणि इकडची-तिकडची अंगणवाडी बंदच राहिली. ताईंचं पदवी प्रमाणपत्र त्याच दिवसांत टपालाने आलं. त्या मोर्चात होत्या, मुलीने सही करून घेतलं.

फेब्रुवारीत त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. वसईकडच्या एका सेविकेचा. ‘ताई, तुम्ही चिठ्ठीत लिहिलंय की मुलगा खूप बोलतो. इथे चार दिवस येतोय, तोंडच उघडत नाही. काय करू?’ ताईंनी विचारलं, तुम्हाला वारली येते का? नाही म्हणाल्या. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला, चुलीपाशी बसलेल्या मावशींच्या हातात दिला आणि तिकडच्या बाईंना म्हणाल्या, ‘त्याच्या कानाला लावा.’